शिरोळहून आलेली एक शिलिंग

आधीच सांगते, बाहेरचं, करणी, भास असलं काही माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माणसाचा हात का उचलत नाही, मान का वळत नाही, याची कारणं स्नायूत, नसेत नाहीतर मेंदूत असतात हे रोज बघते. पेशंटच्या दंडातला ताईत मशीनच्या आड आला तर "जरा वर सरकवा" एवढंच म्हणते. या सदरातले अनुभवसुद्धा मी आजवर जेवता जेवता करमणूक म्हणून वाचले. आता स्वतःच लिहायला बसलेय... कारण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन नाही, आणि घरात तो विषय काढायची बंदी आहे.

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं घर. खाली माझं क्लिनिक, वर आम्ही दोघं. नवरा विश्वास, त्याचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप. क्लिनिकला रस्त्याकडून दोन खाटांची खोली आणि मागे एक छोटी खोली. मागच्या खोलीत लोखंडी कपाट, आणि त्या कपाटात माझा छंद — दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश नोटा.

बाईमाणसाला असला छंद असतो यावर अजून लोकांचा विश्वास बसत नाही. नाण्यांच्या प्रदर्शनात गेले की स्टॉलवाले विचारतात, "मिस्टरांसाठी बघताय का?" सुरुवात झाली ती एका निळ्या पौंडापासून. विश्वासच्या एका मित्राने लंडनहून सहज आणून दिली होती. एरवी हिरवी असणारी नोट युद्धात त्यांनी निळी केली आणि कागदाच्या पोटात धातूची बारीक पट्टी घातली, जर्मनांना नक्कल करता येऊ नये म्हणून. ती पट्टी मी उजेडात धरून बघितली आणि अडकले ती अडकलेच. मग जांभळट दहा शिलिंग आली. मग लष्कराने आफ्रिकेत चालवायला छापलेल्या नोटा आल्या — मुकुटावर उभा राहिलेला सिंह असतो ना, त्या. या आपल्या भागात पण अधूनमधून निघतात. घरोघरची माणसं तेव्हा पलटणीत गेली होती, परत येताना कुणी घड्याळ आणलं, कुणी खिशात राहिलेली नोट.

गुजरीजवळ जुन्या नाण्यांचा व्यवहार करणारे दिलीपकाका आहेत. माझ्या आवडीचं काही आलं की फोन करतात. मागच्या महापुरानंतर बऱ्याच दिवसांनी त्यांचा फोन आला. "मॅडम, शिरोळकडनं एक सिंह आलाय. जैन शेतकऱ्याचं घर हाय. पुरात ट्रंक भिजलेली, साफ करताना गावली. आजोबा मिलिटरीत ड्रायव्हर हुते म्हणं."

एका शिलिंगची नोट होती. अवस्था वाईट. जुने वैद्य चूर्णाची बांधायचे तशी तिची पुडी घातलेली होती — दोन्ही बाजू आत, मग वरून खाली घडी, आणि शेवटचा कोपरा आत खोचलेला. पुडी रिकामी होती. एवढ्या घड्यांची नोट संग्रहात कुणी घेत नाही. मी घेतली. का, विचारू नका. हातात घेतली आणि खाली ठेववेना.

घरी आणून ती हलक्या हाताने उलगडली, टीपकागदात घालून वर जाड पुस्तकं ठेवली. काही दिवसांनी बऱ्यापैकी सपाट झाली. मग अल्बममध्ये प्लास्टिकच्या पाकिटात सरकवली. पाकीट इतकं घट्ट असतं की नोट आत घालताना श्वास धरावा लागतो.

पुढच्या वेळी अल्बम उघडला तेव्हा त्या पाकिटात पुडी होती.

मला पहिल्यांदा रागच आला. वाटलं, विश्वासने गंमत केली. तो म्हणाला, "मला असली कलाकुसर येत असती तर काय पाहिजे होतं?" खरं होतं ते. त्याला भेटवस्तूला कागद गुंडाळता येत नाही. क्लिनिक झाडायला येणाऱ्या मावशींना कपाटाची किल्ली कुठे असते हेही माहीत नाही. मी पुन्हा उलगडली, पुन्हा दाबली, पाकिटाच्या तोंडाला चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर पेनने सही केली. दोन दिवसांनी बघितलं तर सही जशीच्या तशी. आत पुडी.

कागदाचं एक असतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा घडी पडली की तिथले धागे तुटतात, कागद फाटतो. ही नोट फाटत नव्हती. भिंगातून बघितलं तर घडीची रेघ उलट अजून मऊ होत चालली होती. रोजच्या वापरातल्या कापडाची होते तशी.

इथपर्यंत मी तशी ठीक होते. मग माझ्या हातांचं सुरू झालं.

पेट्रोल पंपाची पावती मी गाडीत बसल्या बसल्या पुडी करून डॅशबोर्डवर ठेवलेली विश्वासला दिसली. मला ठेवल्याचं आठवेना. मग औषधाच्या दुकानाचं बिल. मग वाण्याच्या पिशवीतला कागद. सगळ्यांची तीच घडी, तसाच कोपरा आत खोचलेला. एके दुपारी कणेरीकर म्हणून माझे एक पेशंट आहेत, निवृत्त शिक्षक, खांदा धरलेला. त्यांनी एमआरआयचा रिपोर्ट वाचायला दिला. मी वाचत होते, बोलत होते. आणि ते म्हणाले, "मॅडम... तो कागद मला फाइलला लावायचा होता." मी खाली बघितलं. रिपोर्टची चांगली जाडजूड पुडी माझ्या हातात होती.

मी हसून वेळ मारून नेली. पण हात धुवायला आत गेले आणि नळ तसाच चालू ठेवून उभी राहिले. माझे हात म्हणजे माझं पोट आहे हो. एखाद्याच्या मानेला हात लावताना माझा हात मला न विचारता काही करणार असेल, तर मी धंदा बंद केला पाहिजे. त्या दिवसांत बसवत नव्हतं, वाचवत नव्हतं. पेशंट नसला की मी दोन खाटांच्या मधून येरझारा घालायची. चहा करायला ठेवायची आणि गच्चीवर जायची. दोन-तीन पेशंट म्हणाले, "मॅडम, हात गार का पडलेत?"

आणि एक विचार डोक्यातून जाईना. नोटेची पुडी पण मीच घालत असेन. कळत नसेल मला. आमच्या शास्त्रात याला नावं आहेत. पण ती नावं आजवर मी दुसऱ्यांसाठी वापरत आले होते.

विश्वासला सगळं सांगितलं. तो इंजिनिअर माणूस, त्याने वाद घातला नाही. वर्कशॉपचा एक कॅमेरा आणून मागच्या खोलीत बसवला. नोट अल्बममधून काढून, उलगडून टेबलावर काचेखाली ठेवली, कॅमेरा थेट तिच्यावर. "तू असलीस तर तू दिसशील," म्हणाला. "मग पुढचं बघू."

खरं सांगते, मी दिसावी असं मला मनापासून वाटत होतं. आजाराला औषध असतं.

आठवडाभर कॅमेरा चालला. रोज जेवणानंतर आम्ही दोघं रेकॉर्डिंग पळवत बघायचो. मी खोलीत येताना दिसायची, फाइल घेऊन जाताना दिसायची. नोटेला कुणी शिवत नव्हतं, आणि नोट पण सपाटच्या सपाट. माझ्या हातून एकही कागद दुमडला गेला नाही. झोप लागायला लागली. आठवडा संपल्यावर विश्वासने कॅमेरा काढला, त्याला तो कामाला पाहिजे होता. नोट मात्र मी काचेखालीच राहू दिली.

त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी. विश्वास जेवायला घरी आला होता, पण कणेरीकर सरांना यायला उशीर झाल्याने मी त्यांचं चालू ठेवलं होतं. सर पालथे झोपलेले, अंगात निळा शर्ट, माझे दोन्ही हात त्यांच्या खांद्यावर. मधलं दार उघडं होतं, तिथून मागचं टेबल मला दिसत होतं. विश्वास टेबलापाशीच उभा राहून मला विचारत होता, वाढून घेऊ का थांबू?

मी म्हटलं, "घे वाढून, मी येतेच."

मी वर बघितलं. तो टेबलाकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. काच जागेवर होती. काचेखाली एका बाजूला फुगवटा आला होता, आणि बघता बघता दुसऱ्या बाजूला आला. अगदी सावकाश. घाई नसलेलं माणूस करतं तसं. मग कोपरा आत गेला.

माझे हात सरांच्या खांद्यावरच होते. मी ते दाबून धरले होते, इतके की सर म्हणाले, "मॅडम, जरा हळू."

विश्वास जेवला नाही. सर गेल्यावर माझ्यासमोर बसला आणि एवढंच म्हणाला, "ज्यांची आहे त्यांना देऊन टाक. आज." त्याने ही गोष्ट पुन्हा कधी तोंडातून काढलेली नाही.

दिलीपकाकांकडून पत्ता घेतला आणि तशीच निघाले. हातकणंगले, जयसिंगपूर करत शिरोळला पोचायला वेळ लागला, उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरला होता. पर्समध्ये नोट. एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने मी पर्सची चेन पुन्हा पुन्हा तपासत होते. शेजारच्या सीटवर टोलची जुनी पावती पडलेली होती. तिच्याकडे मी बघितलंच नाही.

घर नवीन स्लॅबचं, दारात बुलेट. चाळिशीचा माणूस बाहेर आला. त्याचं नाव अजित, नोट विकणारा तोच. "या की पावणं, बसा," म्हणाला. मी नोट परत करायला आले आहे, बदल्यात काही नको, हे ऐकून तो बुचकळ्यात पडला. "खोटी निघाली काय?"

"नाही, खरी आहे. पण ती कुणाची होती?"

"आप्पांची. म्हंजे माझ्या आज्ज्याची. मिलिटरीत ड्रायव्हर हुते, आफ्रिकेत. माघारी आल्यावर पण जन्मभर मालट्रकच चालिवली." मग त्याने मागे बोट दाखवलं. "ही त्यांची लेक. माझी आत्ती. घरात समदी अक्काच म्हणतात."

सोप्यात खिडकीखाली खाटेवर एक म्हाताऱ्या बाई पडून होत्या. पांढरं लुगडं, बारीक अंग, डोळे उघडे. पक्षाघात होऊन वर्ष होऊन गेलं होतं. उजवी बाजू गेलेली, बोलणं तुटक. माझी नजर सवयीने हातावर गेली. उजव्या हाताची मूठ पोटावर घट्ट आवळलेली, अंगठा आत अडकलेला. अशी मूठ मी शेकड्यांनी बघितलीत. न विचारताच जवळ जाऊन बसले आणि मनगट खाली वाकवून बोटं सोडवायचा प्रयत्न केला. लाकूड होतं नुसतं. नखं तळव्यात रुतून तिथली कातडी ओली झाली होती. अजितला म्हटलं, निदान कापडाची गुंडाळी तरी ठेवत जा मुठीत.

"न्हाई हो उघडत. डॉक्टरनी पण सोडून दिलं," तो म्हणाला. मग माझ्याकडून नोट घेतली, पुडी उलगडली आणि त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. "अक्का, ह्ये बघ. आप्पांचं."

मी मनगट धरूनच होते, त्यामुळे आधी मला कळलं. हात सैल पडला. आधी अंगठा बाहेर आला, मग करंगळीकडून एकेक बोट. असं होत नाही. महिनोन् महिने आवळलेला हात असा उघडत नाही, सांधे धरलेले असतात. अजितने नोट हातावर टेकवली. त्यांनी ती पोटावर ठेवली आणि एकाच हाताने, बोटांनी ओढत, अंगठ्याने दाबत, घडी घातली. एक बाजू. दुसरी बाजू. वरून खाली. कोपरा आत. मग मूठ पुन्हा मिटली, पुडी आत घेऊन.

अजित भिंतीला टेकून खालीच बसला.

मी विचारलं, "अक्का, हे कुणी शिकवलं?"

"आप्पा." शब्द चावत चावत येत होते, मधे बराच वेळ जात होता. "गाडीवर जाताना... खडीसाखर. पुडीत. माझ्या हातात द्यायचं." मग दम खाऊन, "ती नोट हितं चालत न्हाई. म्हणून माझी."

"आणि आता?"

आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखं बोलतात, तशाच त्या म्हणाल्या, "आता मीच करतो की. जेवण झालं की. रोज. हात न्हाई हलत. मनात करतो."

नोट ट्रंकेतून निघून विकली गेली हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं कारणही नव्हतं. मी अजितकडे बघून विचारलं, मध्ये कधी यांची तब्येत जास्त बिघडली होती का? तो म्हणाला, "व्हय, ताप आलता. आठवडाभर दवाखान्यात ठेवलंतं जयसिंगपूरला, शुद्धच नव्हती. परवाच घरी आणलंय की." मी कॅमेऱ्याचा आठवडा मनात लावून बघितला. तोच होता.

अक्का माझ्याकडे बघत होत्या. शांतपणे, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं.

"तुझ्या भिंतीला सांगाडा हाय न्हवं," त्या म्हणाल्या. "कागदाचा."

माझ्या क्लिनिकच्या भिंतीवर हाडांचा मोठा तक्ता आहे. सगळ्या क्लिनिकमध्ये असतो, अंदाजाने म्हणता येईल. मी तेच स्वतःला सांगत होते, तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "आज एक बाप्या पालथा. निळा आंगरखा."

मला उठायचं होतं. जे विचारायचं नव्हतं तेच तोंडातून आलं. "अक्का... माझ्याकडचे दुसरे कागद?"

"नोट कवातरी गावायची न्हाई. अंधार असायचा. मग मिळंल ते." आणि त्यांनी डाव्या हाताने, जो चांगला होता त्याने, माझा हात हळूच थोपटला. "तुझा हात चांगला हाय. सरळ चालतोय. मला आवडला."

मी हात काढून घेतला. नंतर याची लाज वाटली, पण त्या क्षणी काढून घेतला.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. नोट त्यांच्याकडेच आहे, मुठीत. त्या दिवसापासून माझ्या हातून एकही पुडी झालेली नाही, आणि पेशंट हाताच्या गारठ्याबद्दल काही म्हणत नाहीत. दर रविवारी मी शिरोळला जाते आणि अक्कांचा हात चालवते. पहिले दोन-तीन रविवार दाराबाहेर गाडीतच बसून राहायची, आता सरळ आत जाते. मूठ माझ्याच्याने उघडत नाही. दुसरा कागद देऊन बघितला, आजची नोट देऊन बघितली, अगदी माझ्याकडची तशीच दुसरी सिंहाची नोट देऊन बघितली. काही नाही. ती नोट समोर धरली की कधीतरी उघडते, घडी होते, मिटते. तळव्याची कातडी मात्र सुकलीय आणि दुखणं कमी आहे, एवढं माझं काम.

ओळखीच्या एका न्यूरॉलॉजिस्टना घडीपुरतं विचारलं. ते म्हणाले, लहानपणी हाताला बसलेली सवय मेंदूत वेगळ्या जागी राहते, ओळखीची वस्तू दिसली की ती वाट मोकळी होऊ शकते. हे मला पटलं. मग मी काचेखालचं सांगायला लागले. त्यांनी घड्याळ बघितलं आणि मुलाच्या ॲडमिशनबद्दल बोलायला लागले. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. शिरोळ ते राजारामपुरी, पडून राहिलेली एक बाई, माझ्या टेबलावरचा कागद, माझे हात... यातलं काय कशाला जोडायचं ते मला आजही कळत नाही. अक्कांना विचारलं, हे कसं केलंत? त्या म्हणाल्या, "कसं म्हंजे? घडी घालतात तसं."

छंद मी सोडलेला नाही. अल्बम आहे, कपाट आहे. गेल्या महिन्यात दिलीपकाकांचा फोन आला होता. मुरगूडकडून निळा पौंड आलाय, एकदम कोरा, तुमच्यासाठी बाजूला काढलाय.

मी विचारलं, "कुणाचा?"

"हाय एक म्हातारा. अंथरुणावरच हाय, मुलानं आणून दिला."

"त्यांना माहीत आहे का दिलेला?"

"त्येला काय कळतंय आता, मॅडम."

मी म्हटलं, नको. आजच्या आज परत पाठवा त्यांच्याकडे, वाटलं तर मी गाडी घेऊन येते.